वर्गासाठी वाचनसंच कसा बनवावा: कॉपीराइट सांभाळून, पण कॉपीराइटला न घाबरता

कॉलेज सुरू झालं की पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या टेबलासमोर दोन प्रकारचे प्राध्यापक येतात. एक म्हणतात, "मॅडम, पुस्तक बाराशेचं आहे, मुलांना कुठलं परवडायला? पूर्ण झेरॉक्स मारू, साठ बाइंडिंग करून घेऊ." दुसरे म्हणतात, "एक प्रकरण द्यायचं होतं, पण नको. कॉपीराइटची केस होते म्हणे." ग्रंथपाल म्हणून मी दोघांनाही खुर्ची देते आणि कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समोर ठेवते. पहिल्यांना वाटतो त्यापेक्षा तो कायदा कडक आहे आणि दुसऱ्यांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी मोकळा आहे. दोन्हीकडे न वाचल्यामुळे नुकसान होतं ते मुलांचं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे. वाचनसंच म्हणजे एका विषयासाठी वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं आणि लेख एकत्र करून मुलांना दिलेला गठ्ठा. तो कायद्यात बसवून कसा तयार करायचा, ते क्रमाने पाहू.

सुरुवातीला "दहा टक्के" विसरा

"दहा टक्के पानांपर्यंत चालतं" हे वाक्य प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येतं. आपल्या कायद्यात असा आकडा कुठेच नाही. तो आला अमेरिकेच्या चर्चांमधून. तिथल्या १९७६ च्या कायद्याच्या कलम १०७ मध्ये "फेअर यूज" (न्याय्य वापर) आहे. वापराचा हेतू, मूळ कृतीचं (म्हणजे पुस्तक, लेख, कविता यांचं) स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला, या चार गोष्टी न्यायालय तोलून पाहतं. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीवर प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात खालच्या न्यायालयाने दहा टक्के किंवा एक प्रकरण अशी मोजपट्टी लावली होती. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने ती नाकारली आणि प्रत्येक उताऱ्याचा स्वतंत्र विचार करा असं सांगितलं. म्हणजे जिथून हा आकडा आपल्याकडे आला, तिथेही तो टिकला नाही.

आपला कायदा १९५७ चा. त्याची पद्धत वेगळी आहे. कोणत्या गोष्टी केल्या तर कॉपीराइटचा भंग होत नाही, याची यादीच कलम ५२ मध्ये दिली आहे. आपलं काम त्या यादीतल्या नेमक्या कोणत्या ओळीत बसतं, एवढं शोधायचं.

पायरी १: यादी अभ्यासक्रमातून काढा

कलम ५२ (१) मधला (आय) हा खंड शिक्षकांनी पाठच करावा असा आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कोणत्याही कृतीची प्रत काढली, प्रश्नपत्रिकेत उतारा घातला किंवा उत्तरात तो लिहिला, तर तो भंग नाही. यात पानांची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती "शिकवण्याच्या ओघात" या शब्दांची.

या शब्दांचा अर्थ काय, यावर दिल्लीत मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं दुकान होतं. प्राध्यापकांनी दिलेल्या यादीप्रमाणे ते प्रकरणं काढून, बांधून मुलांना द्यायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. संच काढायला मनाईही झाली. मुलं गप्प बसली नाहीत, त्यांनी संघटना करून खटल्यात आपली बाजू मांडली. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना दावा मागे घ्या असं कळवलं.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. पुढे ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने अपिलाचा निकाल दिला आणि आपल्या कामाच्या तीन गोष्टी स्पष्ट केल्या. शिकवणं म्हणजे नुसतं तासभर फळ्यासमोर उभं राहणं नव्हे, त्यासाठी लागणारं वाचनसाहित्यही त्यात आलं. प्रत शिक्षकाने स्वतः मशीनवर काढली पाहिजे असं नाही, दुकानाकडून काढून घेतली तरी चालते. आणि किती पानं घेतली यापेक्षा, ती शिकवण्यासाठी खरोखर लागणारी होती का, हा प्रश्न महत्त्वाचा. प्रत्येक उतारा खरंच लागणारा होता का आणि संपूर्ण पुस्तकांची प्रत चालते का, हे साक्षीपुराव्याने ठरवायला खंडपीठाने खटला परत पाठवला होता. पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे ते प्रश्न अनिर्णित राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात प्रकाशक-लेखकांच्या परवाना संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतली नाही.

दिल्लीचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नसतो. पण या विषयावर देशात इतका सविस्तर निकाल दुसरा नाही, आणि उद्या कुठेही प्रश्न आला तर पहिल्यांदा तोच वाचला जाईल.

यावरून पहिली पायरी अशी निघते: अभ्यासक्रमाचा कागद समोर ठेवा आणि प्रत्येक घटकासमोर त्यासाठी लागणारं प्रकरण लिहा. ज्या प्रकरणासमोर घटक लिहिता येत नाही, ते संचातून काढून टाका. "मुलांनी वाचलेलं बरं" म्हणून घातलेली पानं अडचणीत आणतात. ती ग्रंथालयात राखीव ठेवायला सांगा, मुलं इथे बसून वाचतील.

पायरी २: कॉपीराइट शिल्लक आहे का ते मोजा

बऱ्याचदा परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण मुदत संपलेली असते. हिशोब सोपा आहे. लेखक ज्या वर्षी वारला, त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०१० अखेर मुदत संपली. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, २०१७ पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता सगळ्यांच्या. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, तिथे २०३६ अखेरपर्यंत थांबावं लागेल. कुसुमाग्रज १९९९ चे, म्हणजे २०५९.

यात एक खाचखळगा आहे, आणि मराठी विभागाला तो हमखास लागतो. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षं मृत्यूपासून न मोजता प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये. म्हणून त्या कविता २०१२ मध्ये नाही, २०१३ मध्ये खुल्या झाल्या. इथे फरक एका वर्षाचाच आहे. पण काही लेखकांची हस्तलिखितं मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांनी छापली गेली आहेत, तिथे तो दशकांचा होतो. तेव्हा मृत्यूचं साल आणि पहिल्या आवृत्तीचं साल, दोन्ही पाहा.

दुसरं, जुनी संहिता खुली असली तरी तिच्यावरचं नवं काम खुलं नसतं. ज्ञानेश्वरीवर कुणाचाच कॉपीराइट नाही, पण हयात अभ्यासकाने लिहिलेली प्रस्तावना, टीपा, गद्य भाषांतर हे त्याचं आहे. ओव्या घ्या, टीपांसाठी वरचा (आय) खंड पाहा. कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही हेच लागू. न्यायनिवाड्याचा मूळ मजकूर छापायला मोकळा आहे, पण रिपोर्टरच्या (म्हणजे निवाडे छापणाऱ्या नियतकालिकाच्या) संपादकांनी घातलेला सारांश आणि शेरे त्यांचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात २००७ मध्ये ही रेघ आखली.

आणि "नेटवर फुकट मिळतं" म्हणजे "कॉपीराइट नाही" असं नव्हे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात, मराठी विश्वकोश मोफत वाचता येतो. वाचायला दिलं म्हणजे पुन्हा छापायचा हक्क दिला असं होत नाही. याउलट काही ठिकाणी तो हक्क उघडपणे दिलेला असतो. विकिपीडिया आणि एनपीटीईएलची (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची) व्याख्यानं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहेत. श्रेय द्या, आणि तुमचा बदललेला मजकूरही त्याच परवान्याने खुला ठेवा, या त्यांच्या मुख्य अटी. असं साहित्य मिळत असेल तर मी आधी तेच सुचवते.

पायरी ३: संच बांधा

आता आमच्या कॉलेजातला एक प्रत्यक्ष संच दाखवते. तृतीय वर्ष इतिहासाचा, मुलं ५२. अकरा तुकडे, १६४ पानं. सर्वांत मोठा तुकडा ३८ पानांचा, साडेतीनशे पानी पुस्तकातलं एक प्रकरण. सरांनी सुरुवातीला त्याच पुस्तकाची तीन प्रकरणं मागितली होती. अभ्यासक्रमाशी ताडून पाहिलं तर दोन प्रकरणं एकाच घटकावरची निघाली, त्यातलं एक पुरेसं होतं. सरांनी ते स्वतःच खोडलं.

पहिल्या पानावर विषयाचं नाव, सांकेतांक, सत्र, शिक्षकाचं नाव आणि ठळक ओळ: "फक्त नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांच्या अध्ययनासाठी. विक्रीसाठी नाही." प्रत्येक तुकड्याच्या आधी लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल, पृष्ठांक आणि आपल्या ग्रंथालयातला दाखलांक. श्रेय देणं हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय कलम ५७ लेखकाला आपलं नाव सांगण्याचा आणि कृतीची मोडतोड थांबवण्याचा वेगळा हक्क देतं. प्रकाशकाला सगळे हक्क विकले तरी हा लेखकाकडेच राहतो. म्हणून उतारा संक्षिप्त केला असेल तर तिथे तीन टिंबं घाला आणि "संक्षिप्त" असं लिहा.

प्रती ५२ आणि एक शिक्षकांची. "जास्तीच्या दहा काढून ठेवू, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील" हे मी होऊ देत नाही. झेरॉक्सवाल्या दादांशी दर आधी ठरवते, नेहमीच्या प्रतीला जो दर तोच. संचावर कॉलेजने, विभागाने किंवा दुकानाने एक रुपयाही वर लावायचा नाही. दिल्लीच्या खटल्यातही दुकानाचा दर प्रत काढण्याच्या खर्चाइतकाच होता, पुस्तकाच्या किमतीशी स्पर्धा करणारा नव्हता, याकडे न्यायालयाने पाहिलं. दुकानात मूळ संच ठेवून येऊ नका. काम झालं की परत आणा, नाहीतर तो काउंटरवर "अमुक सरांच्या नोट्स" म्हणून वर्षभर विकला जातो. तो शिकवण्याचा ओघ राहत नाही, ती विक्री होते, आणि विक्रीला कलम ६३ लागतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड.

पूर्ण पुस्तकाचं काय? बाराशे रुपयांचं पुस्तक मुलं घेऊ शकत नाहीत ही खरी अडचण आहे, मी ती रोज पाहते. तरीही बाजारात मिळणारं पुस्तक पूर्ण झेरॉक्स करून साठ मुलांना देणं मला कायद्यात बसवता येत नाही. त्यापेक्षा ग्रंथालयाला पाच-सहा प्रती घ्यायला लावा, त्या राखीव ठेवा, भारतीय आवृत्ती आहे का ते प्रकाशकाला विचारा. पुस्तक भारतात विक्रीलाच नसेल, तर अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला ग्रंथालयासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. तो (ओ) खंड. कॉलेजचं ग्रंथालय त्यात बसतं का हे संस्थेच्या वकिलाकडून एकदा लेखी घेऊन ठेवा.

पायरी ४: ऑनलाइन देताना दार बंद ठेवा

२०२० च्या टाळेबंदीत सगळे तास मोबाइलवर आले आणि तेव्हापासून पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकायची सवय लागली. वर्गाच्या गूगल क्लासरूममध्ये, जिथे फक्त त्या विषयाची मुलं आहेत, तिथे प्रकरण ठेवणं हे शिकवण्याच्या ओघातलंच आहे असं मी मानते. तीच फाइल हजारभर अनोळखी लोक असलेल्या टेलिग्राम चॅनलवर गेली की ते प्रकाशन झालं. गूगल ड्राइव्हवर "लिंक असलेला कुणीही" हा पर्याय बंद करा, कॉलेजच्या आयडीपुरतं उघडा आणि सत्र संपलं की काढून टाका.

विकत घेतलेल्या ई-साहित्याला कायद्याबरोबर करारही लागतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं देशातल्या सरकारी उच्चशिक्षण संस्थांना मिळतात. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ही तरतूद २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली. तिथला लेख मुलांना द्यायचा तर पीडीएफ न पाठवता लिंक पाठवा. प्रत्येकाने आपल्या लॉगिनने उघडला तर करारही पाळला जातो आणि वापर मोजला गेल्यामुळे पुढच्या वर्षी ते नियतकालिक टिकतं. एकाच वेळी शेकडो लेख उतरवू नका, प्रकाशक पूर्ण कॉलेजचा प्रवेश बंद करतात.

सॉफ्टवेअर या सगळ्यापासून वेगळं ठेवा. कलम ५२ चा पहिलाच खंड, जो संशोधन आणि समीक्षेसाठी न्याय्य वापराला मुभा देतो, तो संगणक प्रणालींना लागू नाही असं कायद्यातच म्हटलंय. प्रयोगशाळेत क्रॅक केलेली प्रत बसवून "शिकवण्यासाठी" म्हणण्यात अर्थ नाही. मोफत पर्याय शोधा.

पायरी ५: वर्गाबाहेर पाऊल पडतंय का ते ओळखा

आतापर्यंतची मोकळीक वर्गाच्या चार भिंतींची होती. भिंत ओलांडली की परवानगी लागते, आणि ती कुठे ओलांडली जाते हे लक्षात येत नाही.

गॅदरिंगमधली एकांकिका घ्या. कॉलेजच्या कार्यक्रमात विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी नाटक केलं तर (जे) खंडाखाली चालतं. चित्रपट दाखवायचा असेल तर प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच हवेत. तीच एकांकिका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला नेली, तिकीट लावलं, यूट्यूबवर टाकली, की लेखकाची परवानगी घ्या. बऱ्याच स्पर्धा लेखकाचं संमतीपत्र मागतात, आणि तालमी संपल्यावर आदल्या रात्री ते मिळवण्यासाठी धावपळ होते. संहिता निवडली त्याच दिवशी फोन करा. आपले बहुतेक लेखक कॉलेजच्या मुलांना आनंदाने हो म्हणतात, काही नाममात्र मानधन घेतात. ते मानधन द्या, तेवढ्यावरही अनेकांचं लिहिणं चालतं.

दुसरी जागा म्हणजे संपादित पाठ्यपुस्तक. अभ्यास मंडळ दहा कवींच्या कविता निवडतं, प्रकाशक पुस्तक छापतो, ते विकलं जातं. इथे (आय) खंड उपयोगाचा नाही. (एच) खंड फक्त अशा संग्रहाला मुभा देतो ज्यात बहुतांश मजकूर कॉपीराइटमुक्त आहे, आणि तिथेही छोटे उतारे, एका लेखकाचे एका प्रकाशकाने पाच वर्षांत दोनच. माझ्या पाहण्यात एका संपादकांनी एका हयात कवीच्या सहा कविता न विचारता घेतल्या होत्या. कवीला ते मुलाच्या शेजाऱ्याकडून कळलं. त्यांनी दावा केला नाही, फक्त विचारलं, "एक प्रत तरी पाठवायची होती." त्या वाक्याने मला फार वाईट वाटलं.

प्रबंधात उद्धृत करणं समीक्षा आणि संशोधनाखाली येतं. न्यायालयं तिथे किती घेतलं, त्यावर तुमचं भाष्य किती आणि मूळ पुस्तकाशी स्पर्धा होते का, हे पाहतात. अवतरणचिन्ह आणि संदर्भ दिला तरी पानंच्या पानं उतरवली तर कॉपीराइटचा प्रश्न राहतो. आणि मुदत संपलेल्या लेखकाचं एक वाक्यसुद्धा नाव न देता घेतलं तर ते वाङ्मयचौर्य होतं, ज्यासाठी यूजीसीचे २०१८ चे वेगळे नियम आहेत. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या करा.

परवानगीचं पत्र लांबलचक नको. मी हे पाठवते:

"सप्रेम नमस्कार. आपल्या अमुक पुस्तकातील पृ. ४५ ते ६२ हा भाग आमच्या महाविद्यालयाच्या अमुक प्रकाशनात, ३०० प्रतींच्या एका आवृत्तीसाठी, आपल्या नावासह समाविष्ट करू इच्छितो. प्रकाशनाची किंमत अमुक आहे. आपली अनुमती, मानधनाची अपेक्षा आणि श्रेयाचा मजकूर कसा असावा हे कृपया कळवावे. हक्क अन्य कोणाकडे असल्यास त्यांचा पत्ता द्यावा."

पाने, प्रती, किंमत आणि आवृत्ती या चार गोष्टी नसतील तर उत्तर येत नाही. लेखक हयात नसेल तर वारसांना आणि प्रकाशकांना, दोघांनाही लिहा. उत्तर आलं नाही म्हणजे होकार मिळाला असं नाही. दोनदा स्मरणपत्र पाठवा, नाहीच आलं तर दुसरा उतारा निवडा.

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी पूर्ण पुस्तक

वर मी पूर्ण पुस्तकाला नाही म्हटलं. त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो फार थोड्या कॉलेजांना माहीत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने (झेडबी) खंड आला. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कुणीही कोणतीही कृती, संपूर्णसुद्धा, तिला वापरता येईल अशा स्वरूपात आणू शकतो: ब्रेल, ध्वनिमुद्रण, मोठा टाइप, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला) वाचता येणारी फाइल. परवानगी लागत नाही. नफा घ्यायचा नाही, फक्त तयार करण्याचा खर्च घेता येतो. दृष्टिहीनांसाठीचा मराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्य करणारा देश भारतच होता.

आमच्याकडे अर्थशास्त्राच्या एका दृष्टिहीन मुलीसाठी आम्ही चारशे दहा पानांचं पुस्तक स्कॅन केलं. ओसीआरने (स्कॅनच्या चित्रातून अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीने) मराठी जोडाक्षरं बिघडतात, "र्‍य" आणि "क्ष" तर हमखास. म्हणून एनएसएसच्या चार मुलांनी प्रत्येकी शंभरेक पानं तपासून दुरुस्त केली. तक्ते वाक्यांत लिहून काढले, कारण स्क्रीन रीडर तक्ता वाचतो तेव्हा आकडे कुठल्या रकान्यातले ते कळत नाही. तीन आठवडे लागले. फाइलच्या पहिल्या ओळीत मूळ पुस्तकाची पूर्ण नोंद आणि "कलम ५२ (१) (झेडबी) अन्वये केवळ अपंग वाचकांसाठी" असं लिहिलं. फाइल कॉलेजच्या संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजातल्या अशाच एका विद्यार्थ्याला ती हवी होती, त्यालाही दिली. तेही याच खंडात बसतं.